ताकायामाला जाताय? एक रात्र राहाच

जपानमधल्या नागोयाहून 'हिदा' एक्स्प्रेस रेल्वेने ताकायामा साधारण अडीच तासांवर आहे. बरेच जण सकाळी जाऊन संध्याकाळी परततात, पण जमत असेल तर तिथे मुक्काम कराच. सानमाची भागातल्या जुन्या लाकडी घरांच्या गल्ल्या दुपारी माणसांनी फुलून जातात आणि पाचच्या सुमारास दुकानं मिटायला लागतात. खरं ताकायामा भेटतं ते सकाळी. मियागावा नदीकाठचा बाजार सातच्या सुमारास (हिवाळ्यात जरा उशिरा) भरतो आणि बाराला आटोपतो. ताज्या भाज्या, घरची लोणची, हंगामात सफरचंदं. जवळ रोख येन ठेवा.

मिताराशी दांगो चुकवू नका. तांदळाच्या पिठाचे गोळे काडीला टोचून, सोया सॉस लावून खरपूस भाजतात. इतरत्र ते गोड मिळतात, इथे खारट, आणि मला हेच जास्त आवडतात. कडक शाकाहारी असाल तर सॉसमध्ये माशाचा अर्क आहे का, हे आधी विचारा.

दाराबाहेर झाडाच्या पानांचा मोठा गोल गोळा टांगलेला दिसला की तिथे साके (तांदळाची जपानी दारू) तयार होते असं समजा.

उतरत्या गवती छपरांच्या जुन्या घरांसाठी प्रसिद्ध असलेल्या शिराकावागो गावाला इथून बसने पाऊण-एक तास लागतो. काही बसना आरक्षण लागतं, ते आधीच करा.