मल्टीगनसाठी पहिली शॉटगन तयार करताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या मल्टीगन स्पर्धेत, म्हणजे थ्री-गनमध्ये, एकाच नेमबाजाला रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशी तिन्ही शस्त्रं हाताळायची असतात. निकाल ठरतो तो लागलेल्या वेळेवर. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ खाते ती शॉटगन. रायफलचं मॅगझिन दोन-तीन सेकंदांत बदलून होतं. शॉटगनच्या नळीखालच्या ट्यूबमध्ये मात्र काडतुसं हाताने भरावी लागतात, आणि त्यातलं एक जरी तिरकं गेलं तरी ती स्टेज, म्हणजे सामन्यातली ती फेरी, हातातून गेली. त्यामुळे सुरुवातीला पैसा आणि वेळ दोनच गोष्टींवर घालवा. बंदूक न अडकता चालली पाहिजे आणि तिच्यात काडतुसं भराभर भरता आली पाहिजेत. बाकीचं नंतर बघता येतं.

खरेदीच्या आधी कायदा न बघणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाला तिथल्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. काही मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. मित्राची बंदूक रेंजवर तेवढ्यापुरती हातात घेतली तरी कायद्याच्या नजरेत ते बाळगणंच ठरू शकतं, तेव्हा लायसन्स आधी काढा. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही.

राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. न्यू जर्सीत सहापेक्षा जास्त काडतुसं मावणारं मॅगझिन असलेली सेमी-ऑटो (प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) शॉटगन बंदी असलेल्या शस्त्रांत मोडते. थ्री-गनची नेहमीची बंदूक तिथे घरात ठेवणंच गुन्हा होऊ शकतो. आयात केलेल्या सेमी-ऑटोला लांब ट्यूब लावताना आयात भागांची संख्या दहाच्या वर जाऊ नये, असाही एक संघीय नियम आहे. म्हणून बरेच जण फॉलोअर (ट्यूबमध्ये काडतुसांना मागे ढकलणारा तुकडा) आणि ट्यूब अमेरिकेत बनलेलीच घेतात. कागदोपत्री शंका असेल तर आधी वकिलाला किंवा परवानाधारक गनस्मिथला विचारा.

डिव्हिजन न ठरवता सामान लावणं

शॉटगनवर रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट) बसवला किंवा नळीच्या टोकाला कॉम्पेन्सेटर (उसळी कमी करणारा भाग) लावला की बहुतेक सामन्यांत तुम्ही थेट ओपन डिव्हिजनमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी बंधनांच्या गटात जाता. तिथे समोर असतात ते डबा-मॅगझिन आणि स्पीडलोडरवाले नेमबाज. नवशिक्याने टॅक्टिकल डिव्हिजनमध्ये उतरावं. त्यात शॉटगनवर साधा मणी किंवा फायबर-ऑप्टिक साइट चालते आणि ट्यूबमध्ये हाताने भरावं लागतं. अनेक सामन्यांत सुरुवातीला बंदुकीत नऊच काडतुसं चालतात, आठ ट्यूबमध्ये आणि एक चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी जिथून बार उडतो तिथे. बारा काडतुसांची, नळीच्याही पुढे येणारी ट्यूब लावून मग मोजून नऊ भरण्यात पुढचं वजन तेवढं वाढतं. नळीच्या टोकाशी बरोबर येणारी ट्यूब पुरे. नियमपुस्तिका प्रत्येक सामन्याची वेगळी असू शकते, ती नोंदणीच्या आधी वाचा.

हलकी काडतुसं आणि जड सामान

सेमी-ऑटो शॉटगन दोन तऱ्हेच्या असतात. बेनेली एम२ किंवा स्टोगर एम३०००सारखी इनर्शियावर, म्हणजे बंदुकीच्या मागे बसणाऱ्या झटक्यावर चालते. बेरेटा १३०१ किंवा मॉसबर्ग ९४०सारखी बार उडाल्यावर नळीतून येणाऱ्या गॅसवर चालते. दोन्ही चांगल्या आहेत, पण दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी अडकतात आणि इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात.

इनर्शियाच्या बंदुकीत बोल्ट (टरफल काढून पुढचं काडतूस चढवणारा सरकता भाग) मागे जायला पूर्ण बंदूक झटक्याने मागे सरकावी लागते. तिला जड टॉर्च, बाजूचा काडतुसांचा साचा, लांब ट्यूब असं वजन चढवलं की झटका कमी होतो. त्यात भारतात ट्रॅप-स्कीटला वापरतात तशी २४ ग्रॅमची काडतुसं घातली, तर रिकामं टरफल बाहेर पडत नाही किंवा पुढचं काडतूस वर येत नाही. मग लोक बंदुकीला दोष देतात. उपाय साधा आहे. ३२ ग्रॅम छर्ऱ्यांची, साधारण १२०० फूट प्रतिसेकंद वेगाची काडतुसं घ्या, सुरुवातीचे शे-दोनशे बार त्यांचेच करा आणि बंदूक खांद्यात घट्ट धरा. कोपर सैल ठेवून किंवा बगलेत धरून मारलं तरीही हाच बिघाड होतो.

इनर्शियाचा दुसरा प्रकार आणखी फसवा असतो. ट्रिगर दाबला, नुसता ‘टक्’ आवाज झाला आणि बार उडाला नाही. बहुतेक वेळा काडतुसात दोष नसतो. बोल्टची कडी कशाला तरी घासली किंवा तुम्ही बोल्ट हळूच हाताने पुढे सोडलात, की फिरणारं बोल्ट-हेड पूर्ण कुलूपबंद होत नाही. बोल्ट कधीही हाताने अडवत पुढे नेऊ नका. पूर्ण मागे ओढा आणि सोडून द्या. टक् आवाज आला तर नळी समोरच्या सुरक्षित दिशेला धरून ठेवा आणि थोडा वेळ थांबा, कारण क्वचित बार उशिरा उडतो. मग बोल्ट ओढून काडतूस बाहेर काढा.

गॅसच्या बंदुकीत वजन चालतं, काजळी चालत नाही. पिस्टन आणि गॅसची भोकं साफ ठेवा. पिस्टनवर तेल थापू नका, कारण तेलात काजळी चिकटून तिचा खडा होतो. तेल लागतं ते बोल्टच्या सरकण्याच्या पट्ट्यांना आणि तेही थेंबभर.

ट्यूबमधला प्लग आणि स्प्रिंगचा घोटाळा

नवी बंदूक आणली, आठ काडतुसांची ट्यूब लावली आणि तरी दोनच काडतुसं आत जातात, ही तक्रार दर मोसमात ऐकू येते. शिकारीच्या नियमांसाठी कारखान्यातूनच मॅगझिन ट्यूबमध्ये लाकडाचा किंवा प्लास्टिकचा एक दांडा घातलेला असतो. तो काढून टाका. काढताना ट्यूबच्या तोंडावर अंगठा धरा, नाहीतर स्प्रिंग उसळून डोळ्याला लागेल. संरक्षक चष्मा घाला.

लांब ट्यूबला जुनी आखूड स्प्रिंग ठेवली की शेवटची दोन काडतुसं लिफ्टरवर (काडतूस चेंबरकडे उचलणाऱ्या पट्टीवर) येत नाहीत. फार लांब ठेवली तर शेवटचं काडतूस आत बसत नाही आणि भरताना अंगठा दुखतो. ट्यूबसोबत आलेली स्प्रिंग मुद्दाम लांबच असते. ती न कापता बसवा, चेंबरमधलं एक धरून नऊ काडतुसं घालून बघा आणि गरज पडली तर एकेक वेटोळं कापत जा. प्रत्येक कापणीनंतर पूर्ण भरून सगळे बार करून बघा. जास्त कापलेली स्प्रिंग परत लांब होत नाही. ती ताणून लांब केली तर दोन सामन्यांत पुन्हा आखूड होते.

जुनी ट्यूब आणि नवी ट्यूब जिथे जुळतात तिथे आतून बोट फिरवा. किंचित धार जाणवली तर फॉलोअर तिथेच अडकणार. जोड घट्ट बसवा आणि ट्यूबला नळीशी जोडणारा क्लॅम्प लावा. क्लॅम्प आवळताना मात्र हात राखून. फार पिळला तर नळी किंचित वाकते आणि स्लग, म्हणजे छर्ऱ्यांऐवजी असलेली एकच मोठी गोळी, ५० यार्डांवर भलतीकडे जाते. क्लॅम्प आणि ट्यूबच्या जोडावर रंगाच्या पेनने एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली की जोड सैल झालाय, हे पाहताक्षणी कळतं.

मोजताना आणखी एक गफलत होते. काडतुसावरचं २¾ इंच हे माप उडालेल्या, म्हणजे तोंड उघडलेल्या टरफलाचं असतं. न उडालेलं बर्डशॉट (बारीक छर्ऱ्यांचं) काडतूस साधारण २.३ ते २.४ इंच भरतं. प्रत्येक कंपनीची लांबी थोडी वेगळी, स्लगची आणखी वेगळी. एका ब्रँडची नऊ बसली म्हणून दुसऱ्याचीही बसतील असं धरू नका.

भरण्याची जागा: इथे सामना जिंकतात

काडतुसं एकेक भरत बसलात तर बाकी कितीही चांगलं मारलं तरी मागेच राहाल. आज जवळपास सगळे दोन-दोन किंवा चार-चार भरतात. बंदूक उलटी करायची, भरण्याचं तोंड वर आणायचं. दुबळ्या हाताने पट्ट्यावरच्या किंवा छातीवरच्या कॅडीतून (काडतुसं धरून ठेवणाऱ्या साच्यातून) चार काडतुसं उचलायची, दोन जोड्या एकमेकींना लागून. अंगठा पितळी बुडावर ठेवून पहिली जोडी आत सारायची, मग लगेच दुसरी. सराव झालेला नेमबाज अशी आठ काडतुसं पाच सेकंदांच्या आत भरतो.

कारखान्याचं भरण्याचं तोंड या पद्धतीसाठी अरुंद असतं. त्याच्या कडा बोथट करून रुंद करतात आणि लिफ्टर लांब किंवा वेल्ड करून घेतात, म्हणजे अंगठा फटीत चिमटला जात नाही. हे काम घरी ग्राइंडर घेऊन करू नका. रिसीव्हरच्या धातूत जास्त खोल गेलात किंवा काडतूस अडवणाऱ्या खिटीजवळ घासलंत, तर बंदूक काडतुसं धरेनाशी होते आणि दुरुस्तीचा खर्च नव्या रिसीव्हरएवढा येतो. हे काम नेहमी करणाऱ्या गनस्मिथकडेच द्या.

काडतूस आत गेल्यावर खिटीचा ‘टिक’ आवाज येईपर्यंत अंगठा पुढे गेला पाहिजे. घाईत तो अर्ध्यावर सुटला की काडतूस मागे सरकून लिफ्टरखाली येतं आणि बंदूक पूर्ण अडकते. नवशिक्यांची निम्म्याहून जास्त अडचण इथलीच असते, आणि त्यावर कोणताही महागडा भाग उपाय नाही. वजनदार डमी काडतुसं घेऊन रोज दहा मिनिटं सराव करा. सरावाच्या खोलीत एकही खरं काडतूस ठेवू नका.

कॅडी घेताना सगळ्या एकाच प्रकारच्या घ्या आणि स्लगसाठी एक वेगळी, ठरलेल्या जागी. बर्डशॉटच्या रांगेत स्लग मिसळणं धोक्याचं असतं, कारण जवळच्या लोखंडी निशाणावर स्लग मारली की रेंज ऑफिसर तुम्हाला जागीच बाद करतो. तुकडे उलटे येऊन कोणालाही लागू शकतात.

चोक आणि छर्रे

चोक म्हणजे छर्ऱ्यांचा फैलाव ठरवणारा, नळीच्या तोंडात बसणारा तुकडा. ट्रॅपच्या सवयीने फुल, म्हणजे अरुंद चोक लावून थ्री-गनला येणारे जवळची निशाणं चुकवतात. बहुतेक स्टेज इम्प्रूव्हड सिलिंडर या सैल चोकवर होतात, लांबच्या प्लेटसाठी त्याहून थोडा अरुंद लाइट मॉडिफाइड. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात इम्प्रूव्हड सिलिंडर साधारण ५० टक्के छर्रे टाकतो, फुल ७० टक्के. हे पुस्तकी आकडे आहेत. तुमच्या बंदुकीत, तुमच्या काडतुसाने कागदावर मारून प्रत्यक्ष मोजा. छर्रे ७½ किंवा ८ नंबरचे, शिशाचेच. लोखंडी छर्रे स्टील प्लेटवर चालत नाहीत.

चोक हाताने फिरवून सोडून देऊ नका. वीस-तीस बारांनंतर तो सैल होतो आणि अर्धवट बाहेर आलेला चोक पुढच्या बाराला नळीचं तोंड खराब करू शकतो. आट्यांवर ग्रीस लावा, पान्याने बसवा, प्रत्येक स्टेजच्या आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून तपासा. बेरेटा-बेनेलीच्या मोबिल, क्रियो आणि ऑप्टिमा एचपी चोकांचे आटे एकसारखे नाहीत. दुकानदार ‘बसेल’ म्हणाला तरी नळीवरची खूण वाचून घ्या.

स्लगसाठी साध्या नळीत साबो (प्लास्टिकच्या कवचातली) स्लग घेऊ नका. त्या रायफल्ड (आतून पिळाच्या खाचा असलेल्या) नळीसाठी असतात, साध्या नळीत गोल फिरत नाहीत आणि कुठेही जातात. साध्या नळीसाठीच्या, एक औंसाच्या फॉस्टर स्लग इम्प्रूव्हड सिलिंडरमधून सुरक्षित जातात. ५० यार्डांवर पाच-पाच मारून नेम बघा. मणी असलेल्या बंदुकीत मागची साइट म्हणजे तुमचा गाल. मार उंच जात असेल तर साइट बदलण्याआधी दस्त्यातली शिम (त्याचा कोन बदलणारी पातळ पट्टी) बदलून बघा. दस्त्याची लांबीही तेव्हाच तपासा. खांद्यात धरल्यावर नाक आणि ट्रिगरच्या हाताचा अंगठा यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं.

ट्रिगर आणि सेफ्टी

मोठी बोल्ट-कडी आणि मोठं सेफ्टी बटण या स्वस्त आणि उपयोगी गोष्टी आहेत. बोल्ट रिलीजचं बटण मात्र फार मोठं घेऊ नका, भरताना तळहाताने दाबलं जातं. ट्रिगर हलका करण्याच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका. स्टेजमध्ये बंदूक डब्यात सोडून पुढे पळायचं असतं, आणि ती रिकामी किंवा सेफ्टीवर नसेल तर तुम्ही बाद होता. हलक्या ट्रिगरसोबत सेफ्टी नीट धरते का, हे बंदूक रिकामी असताना प्रत्येक बदलानंतर तपासा.

सामन्याआधीची चाचणी

एका वेळी एकच बदल करा आणि तो सामन्यातल्याच काडतुसांनी तपासा. नऊ भरून सलग मारा, असं पाच वेळा. मग दोन मारून चार भरा, पुन्हा मारा. शेवटच्या बारानंतर बोल्ट मागे थांबतो का बघा, आणि रिकाम्या बंदुकीत एकच काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट सोडण्याचाही सराव करा. मध्ये एकदा जरी अडकली तर कारण सापडेपर्यंत पुढचा भाग विकत घेऊ नका. पहिल्या सामन्याच्या पिशवीत चोकचा पाना, क्लॅम्पच्या स्क्रूची चावी, सुटा फॉलोअर, जास्तीची स्प्रिंग, नळीतून अडकलेलं टरफल ढकलण्यासाठी लाकडी काठी आणि चेंबर-फ्लॅग (चेंबर रिकामा असल्याचं दाखवणारी पट्टी) एवढं ठेवा.