रस्त्यात जुनी फियाट ५०० दिसली तर तिचं साल कसं ओळखायचं

इटलीत फिरायला आलेले आपले लोक जुनी फियाट ५०० दिसली की शेजारी उभं राहून फोटो काढतात, किती क्यूट आहे म्हणतात आणि पुढे निघतात. मी तोरिनोत (इंग्रजीत ट्युरिन) राहतो, म्हणजे जिथे ही गाडी जन्मली त्याच गावात, आणि मला दर वेळी वाटतं की अरे पाच मिनिटं थांबा ना, या गाडीच्या अंगावर तिचा सगळा इतिहास लिहिलाय, कुठे बघायचं तेवढं माहीत पाहिजे. ते कुठे बघायचं हेच आज सांगतो. कोणाला विकत घ्यायची असेल त्याला उपयोग होईलच, पण नुसतं बघणाऱ्यालाही मजा येईल.

आधी थोडं मागचं. फियाटची पहिली ५०० ही नाही. ती १९३६ ची, लोक तिला तोपोलिनो म्हणायचे, म्हणजे छोटा उंदीर. इंजिन पुढे, ५६९ सीसी, पाण्यावर थंड होणारं, आणि सीटा दोन. ती करणारा इंजिनिअर दान्ते जाकोसा, वय तेव्हा जेमतेम ३१. मग युद्ध झालं, आणि युद्धानंतर १९४६ ला व्हेस्पा आली, १९४७ ला लांब्रेटा आली, आणि अख्खी इटली स्कूटरवर बसली. नवरा पुढे, बायको मागे, पोर मध्ये, हे चित्र आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. या स्कूटरवाल्या घराला परवडेल अशी चार चाकं द्यायची हा प्रश्न फियाटपुढे होता, आणि उत्तर शोधायचं काम परत जाकोसाकडेच आलं. १९५५ ला त्याने आधी फियाट ६०० काढली, चार माणसांची, इंजिन मागे. आणि ४ जुलै १९५७ ला तिच्यापेक्षाही लहान अशी नुओवा ५००, म्हणजे नवी ५००. लांबी २.९७ मीटर, वजन ५०० किलोच्या आतबाहेर, चाकं १२ इंची, मागे दोन सिलिंडरचं ४७९ सीसी इंजिन, हवेवर थंड होणारं, ताकद फक्त १३ हॉर्सपॉवर. आपल्या टाटा नॅनोची आठवण येईल आणि ती बरोबरच आहे, दोन सिलिंडर, इंजिन मागे, गिऱ्हाईक दुचाकीवरचं कुटुंब. फक्त नॅनोचं इंजिन पाण्यावर थंड होणारं होतं आणि मध्ये पन्नासएक वर्षं गेली होती.

आता गाडीजवळ या. पहिल्यांदा दाराची बिजागरी बघा. बाकी काही बघितलं नाही तरी चालेल पण हे बघाच, कारण निम्मं काम इथेच होतं. दार मागच्या बाजूला बिजागरीवर असेल, म्हणजे हँडल पुढे आणि दार उलटं उघडत असेल, तर गाडी १९६५ च्या आधीची. म्हणजे एक तर पहिली एन, नाहीतर १९६० ते ६५ ची डी. एन, डी, एफ ही या गाडीच्या एकामागून एक आलेल्या मॉडेलांची नावं. आपल्याकडच्या डुक्कर फियाटची पुढची दारं आठवा, तीही अशीच उलटी उघडायची. असल्या दारातून उतरणं सोपं असतं, पण चालत्या गाडीत कडी सुटली तर वारा दार लोटून बंद करत नाही, उलट खेचून पूर्ण उघडतो. १९६५ ला एफ आली तेव्हा बिजागरी पुढे गेली, आणि तिथून शेवटपर्यंत सगळ्या ५०० ची दारं आपल्या नेहमीच्या गाडीसारखीच.

यात एक अपवाद आहे आणि तिथे भलेभले फसतात. जार्दिनिएरा म्हणून स्टेशन वॅगन होती, १९६० ला आली, मागून लांब आणि चौकोनी, आणि तिची दारं शेवटपर्यंत, म्हणजे १९७७ पर्यंत, उलटीच राहिली. म्हणून वॅगन दिसली की दाराचा नियम सोडून द्या.

दुसरं, टप. सगळ्यात पहिल्या गाड्यांचा टप म्हणजे नुसतं कापड, ते गुंडाळत गुंडाळत पार मागे इंजिनच्या झाकणापर्यंत जायचं, आणि मागची काचसुद्धा काच नव्हे, त्या कापडातच शिवलेलं प्लॅस्टिक. लोकांना वाटतं इटलीत ऊन छान म्हणून हौसेने केलंय. हौस असेलही, पण पत्रा महाग होता, कापड लावलं की पत्रा वाचतो, वजन वाचतं, आणि छोट्या डब्यात मागच्या इंजिनचा जो आवाज घुमतो तोही जरा बाहेर निघून जातो. पुढे कापड लहान झालं, फक्त डोक्यावरचा तुकडा उघडतो आणि मागे खरी काच. आज रस्त्यावर जवळजवळ सगळ्या अशाच दिसतात. कापड पार मागपर्यंत जाणारी आणि उलट्या दाराची दिसली तर थांबा, फोटो काढा, मालक आसपास असेल तर बोला, ती रोज दिसत नाही.

ती रोज का दिसत नाही याचं कारण ऐकण्यासारखं आहे. पहिली ५०० खपलीच नाही. किंमत ४,९०,००० लिरा, आणि त्यात आणखी थोडे टाकले की चार माणसांची ६०० मिळत होती. आणि ५०० मध्ये होतं काय? काचा खाली होत नव्हत्या, फक्त पुढची तिकोनी काच उघडायची, मागे बसायला धड सीट नाही, चकाकणारं काही नाही. माणूस आयुष्यात पहिल्यांदा गाडी घेतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवायची असते, त्याला असली उघडीबोडकी गाडी कशी आवडेल? गरिबाला स्वस्त गाडी हवी असते पण ती गरिबाची आहे असं दिसायला नको असतं, आणि हे जाकोसासारख्या माणसाच्याही हिशोबातून सुटलं होतं असं मला वाटतं. फियाटने मात्र काही महिन्यांतच चूक सुधारली. त्याच वर्षाच्या शेवटी इंजिनची ताकद १५ हॉर्सपॉवर झाली, साध्या गाडीची किंमत ४,६५,००० वर आली, आणि जुन्याच किमतीत खाली होणाऱ्या काचा, मागे सीट आणि थोडं क्रोम असलेली नॉर्माले आली. म्हणून काच खाली करायचं हँडल ही पण खूण आहे. १९५८ ला स्पोर्ट निघाली, ४९९.५ सीसी, २१ हॉर्सपॉवर, अंगावर लाल पट्टा, तिने होकेनहाइमच्या १२ तासांच्या रेसमध्ये आपला वर्ग जिंकला आणि या गाडीकडे बघायची लोकांची नजर बदलली. १९५९ ला जाकोसाला या गाडीसाठी कोम्पासो दोरो मिळाला, तो इटलीतला डिझाइनचा सगळ्यात मानाचा पुरस्कार. १९६० ला डी आली, स्पोर्टचंच ४९९.५ सीसी इंजिन जरा शांत करून, आणि तिथून जी गाडी सुटली ती थांबली नाही.

तिसरं, आत डोकावा. हे मी स्वतः धडा घेऊन शिकलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९६८ ला एल आली, एल म्हणजे लुस्सो. बंपरच्या वर आणखी एक वाकवलेला स्टीलचा दांडा असतो, त्यावरून लोक लांबूनच एल म्हणून ओळखतात. मी आस्तीजवळच्या एका खेड्यात गाडी बघायला गेलो होतो, विकणाऱ्याने एल म्हणून सांगितलेली, किंमत पण एलचीच, आणि दांडे चकचकीत, मी लांबूनच खूश. आत बसलो आणि समोर बघतो तर डॅशबोर्ड नुसता पत्र्याचा, बॉडीच्याच रंगाचा, आणि स्पीडोमीटर गोल. एलमध्ये डॅशबोर्डवर काळं आवरण असतं आणि स्पीडोमीटर आडवा चौकोनी. शिवाय एलमध्ये पेट्रोलचा काटा असतो, तर इथे काटा नाही, एफमध्ये फक्त पेट्रोल संपत आलं की लाल दिवा लागतो, तसा दिवा. म्हणजे गाडी एफ, आणि कोणीतरी कधीतरी दांडे बसवलेले. विकणाऱ्यालाही माहीत नसेल कदाचित, त्यानेही कोणाकडून तरी घेतलेली. पण तेव्हापासून माझा नियम एकच, बंपर शेवटी बघायचा, डॅशबोर्ड आधी. बंपर अर्ध्या तासात बदलतो, डॅशबोर्ड बदलायचा कंटाळा सगळ्यांना येतो.

अबार्थचंही तसंच, म्हणजे फियाटच्याच गाड्या जास्त जोरात पळतील अशा करून विकणाऱ्या कंपनीचं. तिचा विंचवाचा बिल्ला आणि इंजिनचं झाकण थोडं उघडं ठेवलेलं दिसलं की लगेच तिची खरी ५९५ किंवा ६९५ समजू नका. बिल्ला दुकानात मिळतो.

चौथं, मागे जा आणि मालक तयार असेल तर इंजिनचं झाकण उघडायला सांगा. इटालियन माणूस यात कधी नाही म्हणत नाही हा माझा अनुभव. इंजिनच्या ब्लॉकवर नंबर असतो, ११० ने सुरू होत असेल तर इंजिन ५०० चं. १२६ ए असं काही दिसलं तर दोन शक्यता. एक तर गाडी आर आहे, म्हणजे १९७२ ते ७५ ची शेवटची, तिला कंपनीनेच नव्या फियाट १२६ चं ५९४ सीसी इंजिन दिलं होतं. नाहीतर जुन्या गाडीत कोणीतरी १२६ चं इंजिन टाकलंय, आणि हे इथे अगदी सर्रास चालतं, कारण ते बसतं आणि गाडी जरा जोरात पळते. चालवायला वाईट काही नाही, पण किंमत ठरवताना माहीत पाहिजे. शेवटी पुढचं बॉनेट उघडा, तिथे पेट्रोलची टाकी, स्टेपनी आणि बॅटरी, आणि तिथल्याच मागच्या पत्र्यावर चेसिस नंबर. तो आणि कागदावरचा नंबर जुळवा. गाडी घ्यायची असेल तर बाकी सगळं सोडा पण हे सोडू नका.

आर दिसायला साधी, एलची सगळी सजावट काढून टाकलेली, कारण तोपर्यंत १२६ बाजारात आली होती आणि ५०० ला घरी पाठवायची तयारी चालू होती. शेवटची गाडी सिसिलीतल्या तेर्मिनी इमेरेसेच्या कारखान्यात ऑगस्ट १९७५ मध्ये निघाली. एकूण ३८ लाखांच्या वर गाड्या झाल्या.

आता चालवायचं. रोम, फिरेंझे (फ्लॉरेन्स) अशा ठिकाणी जुनी ५०० भाड्याने चालवायला मिळते, म्हणून सांगून ठेवतो. मला शिकवलं आमच्या बिल्डिंगमधल्या आजींनी, त्यांच्याकडे घरातली एफ आहे, नवऱ्याने नवी घेतलेली. चावी फिरवली की गाडी सुरू होत नाही, फक्त करंट येतो. दोन सीटांच्या मध्ये खाली दोन छोट्या दांड्या असतात, एक चोकची आणि एक स्टार्टरची. थंडी असेल तर चोक पूर्ण वर, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, आणि स्टार्टरची दांडी वर ओढून धरायची. मी पाय दाबून ठेवला होता तर आजींनी गुडघ्यावर चापट मारली आणि म्हणाल्या, तिला श्वास घेऊ दे. इंजिन लागलं की अख्खी गाडी हलते, घाबरू नका, दोन्ही पिस्टन बरोबरच वर आणि बरोबरच खाली जातात म्हणून तसं होतं. मग चोक हळूहळू खाली.

गिअर चार, आणि सिंक्रो, म्हणजे गिअर न खरखरता पडावा म्हणून आजच्या गाड्यांत असते ती सोय, एकालाही नाही. जुन्या एसटीच्या किंवा ट्रकच्या ड्रायव्हरला हे एका वाक्यात कळेल, डबल क्लच. खालचा गिअर टाकताना क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटर थोडा द्या, परत क्लच दाबा आणि मग गिअर. इटालियनमध्ये याला दोप्पिएत्ता म्हणतात. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा. ब्रेक चारी चाकांना ड्रम, म्हणून पुढच्या गाडीपासून आजच्या गाडीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा. एफ ताशी ९५ पर्यंत जाते, पण ६० वरच खूप वाटतं.

हे सगळं एकदम बघायचं असेल तर लिगुरियात गार्लेंदा नावाचं छोटं गाव आहे, फियाट ५०० क्लब इतालियाचं घर तिथे आहे आणि जाकोसाच्या नावाचं म्युझियमही. जुलैमध्ये तिथे मेळावा भरतो आणि गाव या गाड्यांनी भरून जातं. बिजागरी, टप, डॅशबोर्ड, नंबर या क्रमाने दहा गाड्या बघा, अकरावी लांबून ओळखाल. आणि तिथे जार्दिनिएरा भेटलीच तर मालकाला मागचं दार उघडायला सांगा. इंजिन दिसणारच नाही, नुसतं सपाट सामान ठेवायची जागा दिसेल. मग तिथली जमीन उचलायला सांगा, खाली तेच दोन सिलिंडरचं इंजिन आडवं झोपवलेलं असेल.