बाळंतपणानंतर पोटाचा घेर: यंत्रोपचार घेण्यापूर्वी काय तपासावे

बाळंतपणानंतर सुटलेले पोट वरून सारखेच दिसले, तरी त्यामागे त्वचेखालची चरबी, सैल पडलेली त्वचा, मधोमध फाकलेले स्नायू किंवा क्वचित हर्निया यांपैकी काहीही असू शकते, आणि शस्त्रक्रियेविना घेर कमी करणारे एकही यंत्र या सर्वांवर चालत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी आपले पोट नेमके कशामुळे सुटले आहे, हे समजून घेणे अत्यंत आवश्यक आहे.

घाई मुळीच करू नये. गर्भाशय मूळ आकारात येण्यासच सुमारे 6 आठवडे लागतात आणि त्यानंतरही कित्येक महिने पोट आपोआप ओसरत राहते. निदान सहा महिने जावेत, बाळाचे अंगावरचे दूध सुटलेले असावे आणि वजन स्थिरावलेले असावे. लवकरच दुसरे मूल हवे असेल, तर उपचार त्यानंतरच घ्यावेत. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया बाळंतिणीचे पोट बांधतात, त्याने कंबरेला आधार मिळतो, चरबी मात्र कमी होत नाही.

स्नायूंची तपासणी घरीही करता येते. उताणे झोपून गुडघे वाकवावेत, दोन बोटे बेंबीच्या किंचित वर आडवी टेकवावीत आणि श्वास सोडत डोके व खांदे हलकेच उचलावेत. बोटांच्या दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा घट्ट होताना जाणवतात. हीच तपासणी बेंबीवर आणि बेंबीखाली करावी. कडांमधले अंतर दोन बोटांहून अधिक असेल किंवा मध्यरेषेवर उंचवटा दिसत असेल, तर यंत्राने चरबी गोठवून उपयोग नाही. आधी फिजिओथेरपिस्टकडून खोल श्वसनाचे आणि पोट आत ओढण्याचे व्यायाम शिकून घ्यावेत. खोकताना बेंबीपाशी गाठ बाहेर येत असेल, तर शल्यचिकित्सकाला दाखवावे.

चिमटीत धरता येणारी चरबी असेल, तर क्रायोलिपोलिसिसचा, म्हणजे थंडीने चरबी गोठवून ती कमी करण्याच्या उपचाराचा, विचार करता येतो. चरबीच्या पेशी थंडीला त्वचेपेक्षा अधिक संवेदनशील असतात, हे या तंत्राचे मूळ असून अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेने 2010 मध्ये कंबरेच्या बाजूंसाठी आणि 2012 मध्ये पोटासाठी त्याला मान्यता दिली. एका सत्रात त्या जागेवरील चरबीचा थर साधारण 20 ते 25 टक्के कमी होतो आणि फरक दिसण्यास दोन-तीन महिने लागतात. हा वजन उतरवण्याचा मार्ग नव्हे, आणि आतड्यांभोवतीच्या चरबीपर्यंत तो पोहोचत नाही. थंडीने रक्तात विकार उद्भवण्याचा आजार असणाऱ्यांनी तो टाळावा.

सैल त्वचेसाठी रेडिओफ्रिक्वेन्सीची, म्हणजे रेडिओ लहरींनी निर्माण होणारी, उष्णता वापरतात. तिचा परिणाम सौम्य असतो, आणि त्वचा लोंबत असेल तर तिच्यावर भिस्त ठेवू नये. चुंबकीय लहरींनी स्नायू आकुंचित करणाऱ्या यंत्राबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते: प्रसूतीनंतर पुष्कळ स्त्रिया तांबी बसवून घेतात, आणि शरीरात धातू असताना हा उपचार वर्ज्य मानला जातो. विचारले नाही, तरी ही माहिती आपणहून द्यावी. सिझेरियनच्या व्रणाभोवतीची त्वचा बधिर असेल, तर तेही सांगावे, कारण तिथे अति थंडी किंवा चटका जाणवत नाही आणि इजा लक्षातही येत नाही.

उपचार त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनच्या देखरेखीखाली घ्यावा, आणि आधी एकाच जागी, एकाच प्रकाशात छायाचित्रे काढून घेरही मोजून ठेवावा. चरबी गोठवल्यानंतर लाली, सूज आणि काही आठवडे राहणारा बधिरपणा अपेक्षित असतो. परंतु काही महिन्यांनी तोच भाग कमी होण्याऐवजी टणक होऊन वाढू लागला, तर ही चरबी उलट वाढण्याची दुर्मीळ गुंतागुंत असू शकते. ती आपोआप ओसरत नाही, बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून अशा वेळी दुसरे सत्र न घेता आधीची छायाचित्रे सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवावे.