व्याजामुळे अडकलेला संशोधन निधीचा दुसरा हप्ता : माझा अनुभव

क्षयरोगावरील आमच्या प्रकल्पाचा प्रगती अहवाल स्वीकारला गेल्यानंतरही केंद्रीय अनुदानाचा दुसरा हप्ता येत नव्हता. स्मरणपत्रे पाठवली, उपयोगिता प्रमाणपत्र (निधी कसा खर्च झाला याचा दाखला) दोनदा नव्याने दिले. रसायने संपत आली तेव्हा फार हतबल वाटले.

अडचण व्याजाची होती. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम (जीएफआर) २०१७ मधील नियम २३० नुसार अनुदानावरील व्याज भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य खजिन्यात, भरावे लागते. आम्ही ते अनुदानाच्या न खर्चलेल्या शिलकीतच धरले होते. प्रथम बँकेकडून व्याजाचे प्रमाणपत्र घेतले, मग तेवढी रक्कम सरकारकडे रक्कम भरण्याच्या भारतकोश संकेतस्थळावर संबंधित मंत्रालय नीट पाहून भरली, पावतीचा क्रमांक खर्चाच्या विवरणपत्रात नोंदवला आणि शेवटी व्याज व शिल्लक वेगवेगळी दाखवणारे जीएफआर १२-ए नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र वित्त अधिकारी व संस्थाप्रमुखांच्या स्वाक्षरीने पाठवले. त्यानंतर हप्ता जमा झाला.