फुलपाखराचा फोटो शार्प येत नाही? या चुका टाळा

पावसाळा सरत आला की सह्याद्रीत रानफुलांना बहर येतो आणि फुलपाखरांची लगबग सुरू होते. फोटोंचा ढीग जमतो, पण घरी मोठ्या स्क्रीनवर पाहिलं की बरेचसे धूसर. मग संशय लेन्सवर जातो आणि नव्या लेन्सच्या किमती शोधल्या जातात. माझं ठाम मत आहे की दोष बहुतेक वेळा लेन्सचा नसतो. धूसरपणाचे प्रकार वेगळे आणि त्यांवरचे उपायही वेगळे, म्हणून आधी प्रकार ओळखायला हवा.

फोटो १०० टक्के मोठा करून पाहा. फुलपाखराचा डोळा पुसट, पण पंखाची कड किंवा शेजारचं पान लख्ख असेल तर फोकस चुकला. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं किंवा दुहेरी दिसत असेल तर हात हलला. खालचा दगड स्पष्ट आणि फूल तेवढं फराटलेलं असेल तर वारा होता. सगळीकडे दुधाळ मऊपणा असेल तर काचेवर बाष्प किंवा बोटाचा डाग.

सर्वाधिक फोटो वाया जातात ते फोकसमुळे. फुलफ्रेम (३६×२४ मिलिमीटर सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर मॅक्रो म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सने १:१ म्हणजे सेन्सरवर प्रत्यक्ष आकाराची प्रतिमा घेताना एफ/८ ला (एफ हे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) जेमतेम १ मिलिमीटर खोलीचा भाग शार्प येतो. एफ/२.८ ला त्याचाही तिसरा हिस्सा. तुमचा श्वाससुद्धा कॅमेऱ्याला त्याहून जास्त हलवतो! म्हणून मिळेल तेवढं जवळ जाण्याचा हट्ट सोडा. प्रतिमा निम्म्या आकाराची घेतली तर हीच खोली सुमारे ३ मिलिमीटर होते, आणि उरलेलं काम क्रॉप करून भागतं. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत तर पंख पसरल्यावर १२ ते १५ सेंटीमीटर भरतं, ते १:१ मध्ये मावणारच नाही.

त्याहून महत्त्वाचा कोन. पंख ज्या पातळीत आहेत, त्या पातळीला कॅमेऱ्याची पाठ समांतर धरा. हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू पंख मिटून बसतं आणि त्याचे पिवळे-लाल रंग पंखांच्या खालच्या बाजूलाच असतात. त्याला बरोबर बाजूने टिपा. ब्लू पॅन्सी उन्हात पंख पसरून बसते, तिच्यासाठी वरून. एवढा एक बदल केला तरी पंखाच्या टोकापासून डोळ्यापर्यंत सगळं शार्प येऊ लागतं. एकदा फोकस जवळपास जमला की फोकसची रिंग फिरवत बसू नका. शरीर किंचित पुढे-मागे झुलवत बर्स्टमध्ये, म्हणजे बटण दाबून धरून सलग, पाच-सहा फोटो घ्या, त्यातला एक नेमका डोळ्यावर बसतो.

खोली वाढावी म्हणून एफ/२२ लावणं हीसुद्धा चूकच. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि पंखांवरचे खवले विरघळल्यासारखे दिसतात. एफ/८ ते एफ/११ पुरेसं आहे.

शटरबाबत कंजुषी नको. स्टॅबिलायझेशन (हाताचा हलकेपणा सावरणारी सोय) आहे म्हणून १/६० सेकंदावर फोटो काढणारे खूप दिसतात. इतक्या जवळून त्याचा उपयोग कमी होतो आणि वाऱ्यावर तर शून्य. १/५०० पासून सुरुवात करा. नीलवंत आणि त्याचे भाऊबंद मध पितानाही पंख फडफडवत राहतात, त्यांना १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर लागतं. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० वर गेला तर जाऊ द्या. त्याने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही.

कासच्या पठारावर वारा सतत वाहतो. तिथे सकाळी लवकर जा, झुळूक थांबण्याची वाट पाहा. नीट फोटोसाठी ताटव्यात शिरून फुलं तुडवू नका. पायवाटेच्या कडेलाही सोनकी, तेरडा भरपूर असतो.

सकाळ फुलपाखरांसाठीही बरी. त्यांचं अंग उन्हाने तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही, त्यामुळे कोवळ्या उन्हात ती स्थिर बसतात. त्यांच्यावर आपली सावली पडू देऊ नका, हळू आणि खाली वाकून सरका. काही जण फुलपाखरू फ्रिजमध्ये गार करून त्याचा फोटो काढतात. हा निव्वळ छळ आहे, कुणी सुचवलं तरी करू नका.

जास्वंदीची किंवा लाल गुलाबाची पाकळी फोकस असूनही सपाट दिसते? तिथे लाल रंग सेन्सरच्या मर्यादेपलीकडे उजळ नोंदला जाऊन पाकळीच्या शिरा पुसल्या गेलेल्या असतात. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप (उजेड मोजण्याचं एकक) कमी करा आणि हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, लाल रंग वेगळा तपासा.

मोबाइल फुलाला चिकटवू नका. मुख्य कॅमेऱ्याला तेवढ्या जवळचा फोकस बहुधा जमत नाही, शिवाय फोनची सावली पडते. थोडं मागे येऊन फोनची टेलिफोटो (दूरचं जवळ आणणारी) लेन्स वापरा.

पावसाळी दमट हवेत एसी गाडीतून उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, आणि पुसली तरी पुन्हा येते. बॅगेची चेन न उघडता कॅमेरा अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या, मगच काढा.