अ‍ॅव्हरेज वाढवणारी डबी खरंच चालते का, हे घरच्या घरी तपासा

ओबीडी पोर्टात (मेकॅनिक स्कॅनर लावतो ते स्टीअरिंगखालचं सॉकेट) खोचायची ‘फ्युएल सेव्हर’ डबी, पेट्रोलच्या पाइपवर बसवायचं चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून ऑनलाइनपर्यंत सगळ्यांचा दावा एकच: पेट्रोल पूर्ण जळेल. पण धडधाकट इंजिनात ते जवळजवळ सगळं जळतंच. वाया जाते ती उष्णता, सायलेन्सर आणि रेडिएटरमधून. तिथे चुंबकाचं काय चालणार?

डबी घेतली असेलच तर उघडून बघा. गाडीच्या ईसीयूशी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरशी, बोलायचं तर ६ आणि १४ नंबरच्या पिनांमागे कॅन ट्रान्सिव्हरची (गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या जाळ्यावर संदेश पाठवणारी-घेणारी) चिप हवी. बऱ्याच डब्यांत ती नसते. करंट घेऊन एलईडी लुकलुकतात, बस्स.

चाचणी अशी करा. चारही टायर थंड असताना दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. एकाच पंपावर, एकाच नोझलने टाकी भरा आणि पहिल्या ऑटो कटला थांबा. पोऱ्या राउंड फिगर करायला जाईल, त्याला आधीच सांगून ठेवा. ट्रिप मीटर शून्य करा. किमान २५ लिटर जाळून पुन्हा तसंच भरा: १० लिटरांवर भरण्यात १ लिटर इकडेतिकडे झालं तरी हिशोब १० टक्क्यांनी चुकतो. किलोमीटर भागिले लिटर.

क्रम असा: न लावता, लावून, लावून, न लावता. चारही टाक्यांना रूट आणि वेळ तीच, एसीचा वापरही तोच. एक टाकी पावसात तुंबलेल्या सायनमधून आणि दुसरी रविवारच्या फ्रीवेवर जाळली तर आकडे कचऱ्यात टाका. डबी आहे की नाही हे ड्रायव्हरला कळू देऊ नका, दिव्यांवर काळी टेप मारा. पैसे मोजलेला माणूस आपोआप हलक्या पायाने गाडी चालवतो, आणि ‘अ‍ॅव्हरेज वाढलं’ ते बहुतेक वेळा तिथेच.

गोळ्यांत फेरोसिन हे लोहयुक्त रसायन असेल तर प्लगवर लालसर लोहाचा थर बसून मिसफायर होऊ शकतं. पीईए (पॉलिइथरअमाइन, घाण सोडवणारं रसायन) असलेला इंजेक्टर क्लीनर मात्र खोटा नाही. पण घाणीमुळे गेलेलं अ‍ॅव्हरेजच तो परत आणतो.

अ‍ॅव्हरेज अचानक पडलं असेल तर आधी गाडीच बघा. फेरी मारून आल्यावर चारही रिमजवळ हात न्या. एकच जास्त तापलेला असेल तर ब्रेक चिकटतोय. टेंपरेचरचा काटा हायवेवर खाली येत असेल तर थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय. ई२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, पडलेले काही टक्के मात्र कुठलीच डबी भरून काढणार नाही, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच कमी असते.