पावसाळ्याआधी छतावरची सोलर ट्यूब (छतातून चकचकीत नळीने दिवसाचा उजेड खोलीत आणणारी, पाणी तापवणारी नव्हे) एकदा बघून घ्या
वरचा डोम बहुतेक वेळा ॲक्रिलिक नाहीतर पॉलिकार्बोनेटचा असतो त्यामुळे थिनर, घासणी अजिबात नको, आधी नुसतं पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्या मग साबणाच्या पाण्यात मऊ फडकं बुडवून हलक्या हाताने पुसा, नाहीतर धुळीचेच ओरखडे पडतात आणि ते कायमचे. पण खरी गोम डोमच्या बुडाशी असते. उन्हाने तिथली फट बुजवणारं सीलंट कडक होऊन कडेने सुटतं, नखाने दाबून बघा, चीर दिसली की जुनं सगळं खरवडून काढा, जागा खडखडीत कोरडी करा आणि मगच नवीन न्यूट्रल सिलिकॉन (व्हिनेगरसारखा वास न येणारं, आम्ल न सोडणारं सीलंट) भरा. हे मे महिन्यातच उरका, ओल्या स्लॅबवर ते नीट धरत नाही. आतली चकचकीत नळी मात्र उगाच पुसत बसू नका, चरे पडले की उजेड कमी झालाच.